बगळ्याला भूक होती का?

“मग मुलं हसली का नाहीत, मास्तर?”

तांबटमास्तरांनी घेवड्याची एक शेंग मोडली. शीर ओढून काढली. दुसरी शेंग घेतली.

शर्वरी बोधे वाट बघत राहिली. वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. पुण्यात, तिच्या स्टुडिओत, ती बोलायला लागली की बाकीचे हातातल्या पेन्सिली खाली ठेवत. इथं मोरणगडावर, या पत्र्याच्या पडवीत, तिच्या प्रश्नापेक्षा घेवड्याला जास्त मान होता.

समोर धुकं होतं. श्रावण सरत आला तरी गडावरचं धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. अंगणातली तुळस दिसायची, तिच्यामागचा दगडी गडगा अर्धा दिसायचा, आणि त्यापुढं जगच नव्हतं. चित्र काढता काढता कुणी चहाला उठून गेलं असावं, तसं.

“चित्रं चांगली आहेत,” मास्तर शेवटी म्हणाले. “बगळ्याचे पाय तर फारच छान काढलेस.”

“मी पायांचं नाही विचारलं.”

“हं...”

पुन्हा शेंग मोडली.

हे गोविंद तांबट. एके काळी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी यांचा कोल्हा यायचा. काही मिनिटांचं कार्टून, त्यात एक शब्द नाही. भुकेला कोल्हा आणि त्याच्या हाती न लागणारा खेकडा, एवढीच गोष्ट. कोल्हा दरडीवरून पडे, ओढ्यात पडे, स्वतःच रचलेल्या सापळ्यात पडे, आणि खेकडा आपला तिरका तिरका निघून जाई. माणसं त्या कोल्ह्यासाठी लवकर येऊन जागा धरत. मागाहून मुख्य सिनेमात कुणी मरत असलं तरी अंधारात एखाद्याला कोल्हा आठवे आणि फिस्सकन हसू फुटे.

पुढं थिएटरं बदलली. हातानं चित्रं काढणारे मागं पडले. मास्तर बायकोला घेऊन गडावर चार दिवस हवा खायला म्हणून आले, ते इथलेच झाले.

शर्वरी त्या कोल्ह्यावर वाढली नव्हती. तिनं त्याचा अभ्यास केला होता.

मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून तिनं स्वतःचं कार्टून काढलं. एक बगळा, एक बेडूक. बगळा बेडकाला धरायला जातो आणि दर वेळी आपटतो. कधी फांदी मोडते, कधी डोक्यात नारळ बसतो, कधी चोच पाइपात अडकते आणि बाहेर येते ती जिलबी होऊन. प्रत्येक पडणं तिनं महिनोन्‌महिने घासूनपुसून लखलखीत केलं होतं.

मग एका सकाळी शाळेतल्या मुलांनी भरलेल्या सभागृहात तिनं ते दाखवलं.

कुणी हसलं नाही.

बगळा फांदीवरून पडला... शांतता. नारळ बसला... शांतता. चोचीची जिलबी झाली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बारकी मुलगी रडायला लागली. शेजारच्या बाईंचा पदर ओढून म्हणाली, “बाई, त्यांना सांगा ना. पुरे म्हणावं आता.”

ते ‘पुरे म्हणावं’ शर्वरीच्या कानातून जाईना.

“मास्तर, मी तुमचा कोल्हा पाठ केलाय,” ती आता म्हणाली. “एकेक चित्र थांबवून बघितलंय. पडायच्या आधी क्षणभर सगळं थांबतं. मग पडतो. आवाज मागून येतो. धूळ त्याच्याही मागून. हे सगळं मी केलं. तुमच्यापेक्षा नेटकं केलं, राग मानू नका.”

“राग कसला? नेटकंच आहे.”

“आणि तो कडा. खेकड्याच्या मागं धावता धावता कोल्हा कड्याच्या बाहेर जातो आणि नुसत्या हवेत चालत राहतो. मग खाली बघतो, आणि मगच पडतो. तो हवेत किती चित्रं चालतो ते मोजलंय मी.”

मास्तरांचे हात थांबले. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. बघण्यात कौतुक होतं.

“मोजलीस?... मला नाही कधी मोजता आली.”

“म्हणजे? तुम्हीच तर काढलीत.”

“काढली. तो खाली बघेपर्यंत काढत राहिलो.”

“तो कधी खाली बघणार हे तुम्हीच ठरवणार ना, मास्तर!”

“मी?”

मास्तरांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. ते पुन्हा शेंगांकडं वळले.

हा माणूस वेड पांघरून पेडगावला चालला आहे, असं शर्वरीला वाटलं. पण ती परत जाण्यासाठी आली नव्हती. तिनं आवाज खाली आणला.

“मास्तर, मला खरं सांगा. माझ्यात ते नसेलच तर नाही म्हणा. मी थांबते. उद्या पुण्याला जाते आणि सगळ्यांना सांगून टाकते, की हे मला जमण्यातलं नव्हतं. पण गोल गोल बोलू नका.”

आत चुलीशी भांडं वाजलं, आणि माई, मास्तरांची बायको, उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. एवढा वेळ त्या आत होत्या, पण त्यांचे कान पडवीतच होते.

मास्तरांनी हातातली शेंग खाली ठेवली. धुक्याचा एक पदर पडवीत शिरला, खांबाला वळसा घालून निघून गेला.

“एक सांग,” ते म्हणाले. “बगळ्याला भूक होती का?”

“काय?”

“तुझ्या बगळ्याला. भूक लागलेली का?”

“तो बेडकाच्या मागं लागलाय, म्हणजे...”

“तू विचारलंस?”

“कुणाला?”

“त्याला.”

शर्वरी हसली. त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं.

“मास्तर, ते चित्र आहे.”

“होय की,” मास्तर म्हणाले. “खाली तळं आहे. तिथं एक बगळा येतो. बघून ये जा.”

*

जावं की गाडीत बसून पुणं गाठावं, याचा तिनं अंगणात उभं राहून विचार केला. मग माईंनी तिच्या हातात छत्री दिली.

“जा, बाळ,” माई म्हणाल्या. “ते असंच बोलतात. कोल्हा काढायचे तेव्हा आमच्या घरात सगळी उलटी तऱ्हा होती. मी ताट वाढायची, तर म्हणायचे, थांब गं, त्याच्या हाती लागू दे, मग बसतो.”

“कुणाच्या हाती?”

“कोल्ह्याच्या. काय लागू दे तर तो मेला खेकडा! मी म्हणायची, अहो, तुम्ही काढताय तो, एकदाचा द्या की त्याच्या तोंडात आणि या जेवायला. तर माझ्याकडं असं बघायचे, की मीच खेकडा लपवून ठेवलाय.” माई पदरानं तोंड पुसत हसल्या. “वाळले ते असे. कोल्हा उपाशी, तर हेही उपाशी.”

शर्वरी उतारानं तळ्याकडं निघाली.

पायवाट दहा पावलांपुढं दिसत नव्हती. पाऊल टाकावं तशी ती पुढं उगवायची आणि मागं पुसली जायची. कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, पण गाय दिसत नव्हती. आवाज आधी डावीकडून आला, मग उजवीकडून, मग वरून. शर्वरीला वाटलं, आपण गडावर नाहीच. झोपेतच आहोत, आणि हे पांढरं म्हणजे उशीचा अभ्रा आहे.

तळं अचानक आलं. काठ आणि पाणी आणि आभाळ असा भेदच नव्हता. त्या पांढऱ्यात एक पांढरा बगळा उभा होता. खरं तर बगळा दिसतच नव्हता. दिसत होती फक्त पिवळी चोच, आणि चोचीवरचा एक डोळा.

ती दगडावर बसली.

बगळा हलला नाही.

तिनं सवयीनं त्याचे पाय बघितले, मानेचा बाक बघितला. तिचा बगळा जास्त सुबक होता. मग बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती त्या डोळ्याकडं बघत राहिली.

डोळा पाण्यात होता. नुसता रोखलेला नव्हता, पाण्याच्या आतच गेलेला होता. काठावर बसलेली बाई त्याला ठाऊक नव्हती, धुकं ठाऊक नव्हतं, स्वतःचे पायसुद्धा ठाऊक नसावेत. जगात एकच गोष्ट होती आणि ती पाण्याखाली कुठंतरी होती.

किती वेळ गेला कळलं नाही... मग चोच गेली. पाणी उडालं. चोच वर आली, रिकामी.

बगळ्यानं मान तिरकी करून पाण्याकडं बघितलं. ‘आत्ता तर इथंच होता’ असं ते बघणं होतं. आणि एक पाऊल पुढं टाकून तो पुन्हा तसाच उभा राहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहत होता.

शर्वरीच्या ओठाचा कोपरा हलला. तिचं तिलाच कळलं नाही.

*

ती परतली तेव्हा मास्तर काठी घेऊन अंगणातच उभे होते.

“बघितलास?”

“बघितला.”

“भूक होती?”

“होती.”

“आणि तुझ्याला?”

शर्वरीच्या डोळ्यांपुढं तिचा बगळा आला. फांदीवर बसलेला, नारळाखाली उभा. त्याचा डोळा तिनं किती वेळा काढला होता! त्याला प्रकाशाचा ठिपका दिला होता, पापणी दिली होती. पण तो डोळा कुठं बघत होता? बेडकाकडं बघत नव्हता. तो नारळाची वाट बघत होता.

“त्याला माहीत होतं,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“पडणार ते.”

“हं...” मास्तर म्हणाले. “मग तो पडला कुठं? त्याला पाडला.”

ते वाक्य तिच्या वर्मी बसलं. ‘पुरे म्हणावं आता,’ ती बारकी मुलगी पुन्हा म्हणाली. त्या मुलीनं ते बगळ्याला सांगितलं नव्हतं. जो कुणी बगळ्याला पुन्हा पुन्हा पाडत होता, त्याला सांगितलं होतं.

“चल, जरा तटावर जाऊन येऊ,” मास्तर म्हणाले. “गुडघे धरून बसलेत सकाळपासून.”

दोघं निघाली. तट म्हणजे पडका, कमरेएवढा उरलेला. त्याच्या पलीकडं कडा होता. काल गाडीनं वर येताना शर्वरीनं तो बघितला होता. काळा, उभा, खाली झाडांचे शेंडे. आज तिथं काही नव्हतं. तटाच्या दगडांशी जग संपत होतं आणि दूध सुरू होत होतं.

त्या पांढऱ्यात बोलणं म्हणजे कोऱ्या कागदावर शाई सांडण्यासारखं होतं.

इतक्यात पलीकडून आवाज आला... हूप, हूप, हूप, हूप. घागरीत बोलल्यासारखा.

मास्तर जागच्या जागी थांबले.

“भारद्वाज!”

“कुठं?”

“हा काय, इथंच! ऐकलास? दोन वर्षं झाली, नुसता ओरडतो, दिसत म्हणून नाही...”

ते बोलता बोलताच निघाले. गुडघे धरलेला माणूस तो! काठी विसरून, मान पुढं काढून, डोळे त्या आवाजावर ठेवून ते तटाच्या एका खिंडारातून सरळ बाहेर पडले.

बाहेर. जिथं काही नव्हतं तिथं.

शर्वरीनं बघितलं. धुक्यात मास्तरांची पाठ होती, पायांखाली पांढरं होतं, आणि ते चालत होते. नुसत्या हवेत... एक पाऊल, आणखी एक. मग पाठही पुसली गेली.

“मास्तर!”

ती धावली. छत्री कुठं पडली, चप्पल कधी सुटली, कळलं नाही. खिंडारातून ती तशीच त्या दुधात शिरली. पाय कशावर पडताहेत याचा विचार तिच्या मनात आला नाही. एवढंच होतं, की पुढं कुठंतरी एक पाठ आहे आणि ती धरायची आहे.

पायांखाली गवत होतं. ओलं, लांब, बुळबुळीत गवत.

तटाच्या पलीकडं एक बुरूज होता, जिभेसारखा पुढं आलेला, त्यावर गवत माजलेलं. शर्वरीला ते ठाऊक नव्हतं. तिचा पाय सटकला, दुसरा त्याच्या मदतीला गेला तर तोही सटकला. ती पाठीवर आली आणि घसरगुंडीवरून जावी तशी मास्तरांच्या शेजारून, त्यांच्याकडं बघत बघत, पुढं निघून गेली. त्यांना वाचवायला पुढं केलेले दोन्ही हात तसेच पुढं होते. मग खाली चिखलाचं डबकं आलं आणि फतकन ती त्यात बसली.

झुडपातून काहीतरी तांबडं-काळं फडफडलं आणि धुक्यात गेलं.

मास्तर आधी तिच्याकडं बघत राहिले. मग उडून गेलेल्या पक्ष्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं. आणि त्यांना हसू फुटलं. पोटातून, खांद्यांतून, सगळ्या म्हाताऱ्या हाडांतून. हसता हसता तेही गवतावर बसले आणि घसरत घसरत तिच्याशेजारी डबक्याच्या काठाला येऊन थांबले.

“हसू नका!”

ती ओरडली. आवाज तिचा नव्हता. कुठल्यातरी लहान मुलीचा होता.

मास्तर थांबले.

“हसू नका... तुम्हाला काय माहीत! मला वाटलं तुम्ही गेलात...”

आणि ती रडायला लागली. चिखलाचे हात तोंडाला लावता येईनात, म्हणून तशीच, उघड्या तोंडानं.

मास्तरांनी तिला रडू दिलं. धुकं दोघांच्या भोवती बसून राहिलं.

“कोण हसलं होतं?” त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं.

“कधी?”

“तुला. आधी.”

शर्वरीनं नाक ओढलं. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

“शाळेत. गॅदरिंगला. मी पोपट झाले होते. हिरवा फ्रॉक, पुठ्ठ्याची लाल चोच. नाच चालू होता, आणि मी स्टेजवरून पडले. धाडकन. सगळं गाव आलं होतं, मास्तर. सगळं गाव हसलं. मग शाळा संपेपर्यंत तेच. मी दिसले की पोरं म्हणायची, शर्वरीचा पोपट झाला. गणितात पहिली आले तरी तेच, बक्षीस मिळालं तरी तेच. त्यानंतर कधी कुणाला हसू दिलं नाही मी.”

मास्तरांनी मान हलवली.

“कुठं निघाली होतीस?”

“कधी?”

“स्टेजवरून.”

“निघाले कुठं? पडले म्हणते ना मी.”

“स्टेजवर नाचणारी पोर कडेला कशाला जाईल? कुठंतरी निघाली असशील.”

हे शर्वरीला कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही. त्या दिवसाचं तिच्याजवळ उरलं होतं ते पडणं आणि हसणं, एवढंच. आता त्याच्या आधीचं काहीतरी पांढऱ्यातून हळूहळू वर यायला लागलं... एक मंडप. पेट्रोमॅक्सचे दिवे. मागं, अगदी मागं, कनातीजवळ कुणीतरी टाचा उंच करून उभं.

“बाबा,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान तिच्याकडं वळवली.

“बाबा आले होते. ते कारखान्यात होते, कधी यायचे नाहीत. पाळीच असायची. येणार नाही म्हणाले होते. आणि मी नाचता नाचता बघितलं, तर मागं बाबा. कारखान्याच्या कपड्यांतच. मला शोधत होते. सगळ्या पोरी पोपटच ना, त्यांना कळत नव्हतं मी कुठली. म्हणून मी...”

“म्हणून तू?”

“म्हणून मी निघाले. त्यांच्याकडं. सरळ.” तिनं चिखलाचा हात समोर केला, धुक्यातून एक सरळ रेघ काढल्यासारखा. “स्टेज संपलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही, मास्तर.”

“मग?”

“मग पडले. आणि बाबा धावले. मधून वाट कुठं होती! सगळ्या खुर्च्या, माणसं. ते खुर्च्यांवरूनच यायला लागले. एका खुर्चीत पाय अडकला, ती खुर्ची घेऊनच पुढं आले, आणि...”

तिचा आवाज विचित्र झाला होता.

“आणि?”

“तेही पडले. खुर्चीसकट. पाटलांच्या आजीच्या मांडीत.”

मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“तेव्हा गाव हसलं, मास्तर. तेव्हा! मी पडले तेव्हा तर कुणी श्वासही घेतला नव्हता.”

“आणि तू?”

धुक्यात भारद्वाज पुन्हा ओरडला, लांबून.

“मी खाली बसले होते,” ती सावकाश म्हणाली. “ओठ फुटला होता. चोच कपाळावर गेली होती. आणि बाबांनी आजीच्या मांडीतून मान वर केली, आणि मला म्हणाले, लागलं का गं?... आणि मी हसले. मीही हसले, मास्तर. रक्त येत होतं तरी हसत होते. बाबाही हसत होते. हे मी कसं विसरले?”

आणि तेव्हाचं हसू, इतकी वर्षं कुठं अडून राहिलेलं, आता आलं. आधी नाकातून, मग घशातून, मग आवरेनासं. ती चिखलात बसून हसत राहिली. डोळ्यांतलं पाणी तेच होतं. ते आता कशाचं होतं हे तिला सांगता आलं नसतं.

हसू ओसरलं तेव्हा तिला बगळा आठवला. आणि पहिल्यांदाच त्याची कीव आली. बिचारा! एवढे सुंदर पाय दिले त्याला, आणि जायला जागा दिली नाही.

“मला पहिल्या चित्रापासून काढावं लागेल,” ती म्हणाली. “सगळंच.”

“हं...” मास्तर म्हणाले. “माझ्याखाली एक दगड आहे.”

“उठा मग.”

“उठता आलं असतं तर दगडाचं सांगितलं असतं का?”

शर्वरी कशीबशी उभी राहिली. पाय फाकवून, तोल सांभाळून. मग तिला सकाळपासूनचा प्रश्न आठवला. आता त्यात पहिली धार नव्हती, पण तो होताच.

“पण मास्तर, शेवटी माणसं हसतात तरी का? कुणी पडलं की?”

“आधी हात दे.”

तिनं हात दिला. मास्तरांनी तो धरला. दोघांचे हात चिखलानं माखलेले, त्यामुळं धरणं आणि निसटणं यांत फारसं अंतर नव्हतं. तिनं ओढलं. मास्तर थोडे वर आले, पुन्हा बसले. तिनं दुसरा हात दिला. दात खाऊन ओढलं. मास्तरांनी टाचा रोवल्या, एक गुडघा उचलला, मग दुसरा. आणि काय आश्चर्य, ते उभे राहिले. दोघं समोरासमोर, हातात हात, त्या पांढऱ्याशुभ्र, कुठंच नसलेल्या जागी, सरळ, ताठ.

सगळं थांबलं. धुकंही.

मास्तरांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद पसरला. तिच्याही.

मग चारही पाय एकदम गेले.

डबक्यातलं पाणी वर उडालं आणि सावकाश खाली आलं. काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पांढऱ्यातून, तिच्या डाव्या कानाजवळून कुठूनसा, मास्तरांचा आवाज आला. त्यात तक्रार नव्हती, नवल होतं.

“उठलो होतो की गं आपण!”